कूटप्रश्न सोडवताना आधी काळ्याकडे बघा

बुद्धिबळाचे कूटप्रश्न सोडवायला बसलात की शह देणाऱ्या चाली शोधू नका. चांगल्या रचनेत पहिलीच चाल शहाची क्वचितच असते. मी नवख्यांना नेहमी एकोणिसाव्या शतकातला अमेरिकी खेळाडू पॉल मॉर्फी याचं हे कोडं आधी पटावर मांडायला लावते.

पांढरा: राजा सी८, हत्ती ए१, प्यादं बी६. काळा: राजा ए८, उंट बी८, प्यादी ए७ आणि बी७. पांढऱ्याने दोन चालींत मात करायची आहे.

आता समजा, चाल काळ्याची आहे. उंट कुठेही हलला तरी हत्ती ए७वरचं प्यादं मारतो आणि मात होते. मग अडतं कुठे? ए७चं प्यादं पुढे सरकलं की मात हुकते. म्हणजे ते प्यादं रोखायचं आणि उंटाला दिलेलं उत्तर शाबूत ठेवायचं. हत्ती ए६! बी७च्या प्याद्याने हत्ती घेतला, तर बी६चं प्यादं बी७वर जाऊन मात. धमकी कसलीच नाही, पण काळ्याला चालावं तर लागतंच. इतक्या कमी सोंगट्यांत एवढं बसवलंय, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

काळ्याकडून सुरुवात करायची ही सवय स्पर्धेत फार उपयोगी पडते. कूटप्रश्न सोडवणाऱ्यांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७७ मध्ये तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या मालिन्स्का इथे सुरू झाली. सहा फेऱ्या, प्रत्येकीत तीन प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला ५ गुण. दोन चालींच्या तीन प्रश्नांना फक्त २० मिनिटं मिळतात, पण तिथे पहिली चाल लिहिली की पुरे. पुढच्या उपचाली, म्हणजे काळ्याच्या प्रत्येक उत्तरानंतरच्या चाली, लिहीत वेळ घालवू नका. तीन चालींच्या प्रश्नांना तासभर असतो, आणि तिथे मात्र काळ्याच्या बचावांना उत्तरं लिहावी लागतात. हेल्पमेटमध्ये दोन्ही बाजू मिळून काळ्या राजाची मात घडवतात, म्हणून मी आधी शेवटी मात झालेली स्थिती कल्पते आणि तिथून उलट मागे येते. सेल्फमेटमध्ये पांढरा स्वतःच्याच राजावर मात करायला काळ्याला भाग पाडतो. तिथे काळ्याच्या कोणत्या चालीने मात बसू शकते, हे पहिल्यांदा शोधा. स्टडीला, म्हणजे चालींची मर्यादा न घालता पांढऱ्याने जिंकायच्या किंवा बरोबरी साधायच्या डावाच्या शेवटच्या टप्प्यातल्या प्रश्नांना, १०० मिनिटं असतात. प्रतिस्पर्ध्याशी प्रत्यक्ष डाव खेळणाऱ्यांना ही फेरी सर्वांत ओळखीची वाटते. ग्रँडमास्टर जॉन नन यांनी ही स्पर्धा २००४, २००७ आणि २०१० मध्ये जिंकली.

पहिल्या अनुभवासाठी जानेवारीत अनेक देशांत एकाच दिवशी होणारी आंतरराष्ट्रीय स्पर्धा निवडा. तिथे नवख्यांसाठी वेगळा गट असतो.

स्वतः रचना करायची असेल तर स्थिती पोपाय या मोफत प्रोग्रॅममधून तपासून घ्या. दुसरी एखादी पहिली चालही लागू पडत असेल तर रचना बाद होते. मग प्रत्येक सोंगटी काढून बघा. तिच्याशिवाय काम भागत असेल तर ती तिथे नको. जुन्या रचनांच्या संग्रहातही शोधा, कारण तीच कल्पना कुणीतरी आधीच मांडलेली असू शकते. नियतकालिकांच्या स्पर्धांत परीक्षक बक्षीस, सन्माननीय उल्लेख आणि प्रशंसा अशा क्रमाने निवड करतात. फिडे अल्बम या निवडक रचनांच्या संग्रहासाठी तीन परीक्षक प्रत्येकी ४ पैकी गुण देतात, आणि साधारण ८ गुण झाले की रचना आत जाते. नवख्याने दोन चालींच्या प्रश्नापासून सुरुवात करावी: मनात भरलेली एक मात घ्यावी आणि काळ्याचा कोणता बचाव तिला वाट करून देईल, ते शोधत मागे जावं.