हात उठण्याआधीच नात्यातला जाच कसा ओळखावा

जाच बहुतेकदा मारहाणीने सुरू होत नाही, लाडाने होतो. ओळख होऊन तीन आठवडे झालेले नसतात, तोच एकत्र राहण्याच्या आणाभाका सुरू. दिवसभर मेसेज, उत्तराला उशीर झाला की रुसवा. यातली एकेक गोष्ट प्रेमातही घडते, म्हणून सुटे प्रसंग मोजत बसू नका. तुम्ही ‘नाही’ म्हटल्यावर काय होतं, ते पाहा.

साध्या गोष्टीला नकार द्या : ‘आज भेटायला नको, मित्रमंडळींकडे जायचंय.’ समोरचा खट्टू झाला तर त्यात गैर काही नाही. पण दोन दिवसांचा अबोला, फोनवर फोन, ‘ते माझ्यापेक्षा जवळचे का?’ अशी उलटतपासणी, न सांगता तिथे येऊन उभं राहणं, हे सगळं पहारा ठेवणं आहे. पुढच्या वेळी बेत ठरवण्याआधी तुम्हीच परवानगी मागू लागलात, तर ती खूण सगळ्यांत गंभीर. नकाराच्या विचारानेच पोटात गोळा येत असेल, तर हा प्रयोग करूच नका. उत्तर मिळालेलं आहे.

मग कागद घ्या. सहा महिन्यांपूर्वी नेमाने भेटणारी, बोलणारी माणसं लिहा आणि आज त्यातली किती उरली ते बघा. माणसं सहसा उघड बंदी घालून तोडली जात नाहीत. प्रत्येक भेटीनंतर भांडण होतं, म्हणून आपणच जाणं सोडतो. फोनचा पासवर्ड, लोकेशन, पगाराचं कार्ड कोणाच्या हातात आहे, तेही लिहा.

फसगत सर्वांत जास्त होते ती माफीच्या वेळी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये हे चक्र मांडलं : ताण वाढतो, स्फोट होतो, मग मनधरणी आणि शांतता. प्रत्येक नात्यात ते असंच फिरत नाही, पण मनधरणीला बदल समजण्याची चूक फार जणांकडून होते. ‘माझं चुकलं, पण तूच चिडवलंस’ यातल्या ‘पण’कडे लक्ष द्या. माफी खरी असेल तर तुमचा पुढचा नकार निमूट मानला जातो.

एका बाबतीत मात्र वाट पाहायची नाही : गळा दाबणं. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जोडीदाराने आधी गळा दाबलेल्या स्त्रियांचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याचा धोका सुमारे सातपट आढळला. वळ नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, सूज ही लक्षणं काही तासांनीही दिसतात.

घडेल ते तारीख, वेळ आणि नेमक्या शब्दांसह लिहा. तुमचा फोन तपासला जात असेल तर नोंदी त्यात नकोत, विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. ‘मी सोडून जाईन’ असं भांडणात बोलून बसू नका : नातं तोडण्याचा आणि त्यानंतरचा काळ सर्वांत धोक्याचा असतो. लोकेशनही एकाएकी बंद करू नका, त्यानेच संशय येतो. मदतीसाठीचा पहिला फोन दुसऱ्या कुणाच्या फोनवरून करा.