दोन ई-गाड्या, एकच मीटर: घरी चार्जिंग बसवताना या चुका टाळा

फोंड्याहून पणजीला जाऊन-येऊन साधारण 60 किलोमीटर होतात. त्याला मोटारीला नऊ-दहा युनिट पुरतात, म्हणजे 3.3 किलोवॅटच्या साध्या 16 अँपिअर पॉइंटवर तीनेक तास. अशा दोन गाड्या असल्या तरी पाळीपाळीने रात्रीत दोन्ही भरतात. तरी लोक 7.2 किलोवॅटचे दोन चार्जर मागवून मोकळे होतात. असा एक चार्जर 31-32 अँपिअर ओढतो, दोन मिळून साठच्या वर. घरच्या सिंगल फेज जोडणीला हे झेपत नाही. दोन्ही हवेच असतील, तर आधी वीज खात्याकडून मंजूर भार वाढवून थ्री फेज घ्या आणि चार्जर वेगवेगळ्या फेजवर टाका. दुसरी गाडी स्कूटर असेल तर एवढा खटाटोप लागत नाही.

खरी डोकेदुखी अर्थिंगची. आपली बरीच घरं जांभ्यावर उभी, आणि मे महिन्यात जांभा ठणठणीत कोरडा; कोरड्या जमिनीत अर्थिंग नीट लागत नाही. पावसाळाभर चाललेला चार्जर उन्हाळ्यात अर्थ फॉल्ट दाखवून थांबला, तर चार्जर बदलायला धावू नका. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्ट ठीक; वीस-तीस दिसले तर बहुधा अर्थिंगच कमजोर झालंय.

यावर काही वायरमन सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ तारेच्या तुकड्याने जोडून देतात. चार्जर लगेच चालू होतो, गिऱ्हाईक खूश. पण वादळात न्यूट्रल तुटली की गाडीच्या पत्र्यावर थेट 230 व्होल्ट येऊ शकतात, आणि पोरं ओल्या अंगणात अनवाणी त्याच गाडीला हात लावतात. हात जोडून सांगतो, हा जुगाड कुणालाही करू देऊ नका. आधीच केलेला असेल तर आजच काढून घ्या. चार्जरसाठी वेगळा अर्थ पिट (अर्थिंगचा खड्डा) मारा, माडाच्या आळ्याजवळ किंवा जिथे ओल टिकते तिथे. रेझिस्टन्स 5 ओहमच्या आत आहे का ते मे महिन्यातच मोजा. जुलैतला आकडा फसवा.

वायरीत काटकसर नको. 32 अँपिअरच्या चार्जरला 25 मीटर लांब 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाकली, तर सव्वादोनशेच्या वर वॅट नुसते वायर तापवण्यात जातात, तेही तासन्‌तास. किमान 6 घ्या, अंतर जास्त असेल तर 10.

दोन्ही चार्जर एकाच आरसीसीबीवर (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) ठेवू नका. दोघांची बारीक गळती एकत्र होऊन ट्रिप होतं आणि नेमका दोष कुठे ते कळत नाही. प्रत्येकाला स्वतंत्र 30 मिलिअँपिअरचा, टाइप ए किंवा चार्जरच्या कंपनीने सांगितलेला लावा. पावसात तो वारंवार पडत असेल तर काढून टाकू नका. सॉकेटमध्ये पाणी शिरतंय का ते तपासून घ्या.

किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेने पिना हिरवट पडतात. तासाभराच्या चार्जिंगनंतर प्लगला हात लावून बघा. चटका बसला तर सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला, एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच.