भिरभिरं फिरतं राहायला हवं: सांधा न दिसणारा लूप कसा करायचा

कागदी भिरभिरं, त्याच्या काडीला बांधलेली रिबीन आणि मागे सरकणारे ढग, एवढ्याच चित्राचा लूप, म्हणजे शेवट पुन्हा सुरुवातीला जुळून अखंड चालणारी चित्रमालिका, करू. २४ फ्रेम (एकामागून एक दिसणारी चित्रं), सेकंदाला १० फ्रेम, म्हणजे एक फेरा २.४ सेकंदांचा. पायऱ्या क्रिटा या मोफत सॉफ्टवेअरच्या आहेत. दुसरं काही वापरत असाल तर बटणांची नावं बदलतील, आकडे तेच राहतील. आणि लूप बिघडतो तो बहुतेकदा या आकड्यांतच. रेषा कितीही सुंदर असली तरी हिशेब चुकला की दर २.४ सेकंदांनी चित्र ठेचकाळतं.

आधी कागदावर

१८३२ साली बेल्जियमच्या जोसेफ प्लातो यांनी फिरत्या तबकडीच्या कडेने चित्रं मांडून हालचाल दाखवली. तबकडीवर पहिलं चित्र नसतं आणि शेवटचंही नसतं. सॉफ्टवेअरमधल्या टाइमलाइनला, म्हणजे फ्रेम ओळीने मांडलेल्या पट्टीला, मात्र दोन टोकं असतात आणि फसगत तिथेच होते. म्हणून वर्तुळ काढा, घड्याळासारख्या २४ खुणा करा, ० ते २३ आकडे घाला. २४ लिहू नका, कारण २४ म्हणजेच ०.

प्रत्येक हालचालीच्या फेऱ्याने २४ ला पूर्ण भाग गेला पाहिजे. भिरभिऱ्याला ६ फ्रेम (चार फेरे), रिबिनीला १२ (दोन फेरे), ढगांना २४ (एकच). रिबीन १० फ्रेमची केलीत तर ती तिसऱ्या फेऱ्याच्या मध्येच कापली जाईल. मग एकदाच घडणारं काही हवं असेल तर? पक्षी उडत जाणं, समजा. तो चौकटीबाहेरून आत येऊन २४ फ्रेमच्या आत पुन्हा बाहेर गेला पाहिजे.

सेकंदाला १०च का? आपला लूप शेवटी जीआयएफ, म्हणजे हलत्या चित्राची फाइल, होणार आहे, आणि जीआयएफ वेळ मोजतं सेकंदाच्या शंभराव्या भागांत. १२ फ्रेम मागितल्या तर प्रत्येकीला ८.३३ भाग येतात, तेवढे देता येत नाहीत, म्हणून सॉफ्टवेअर काही फ्रेमना ८ आणि काहींना ९ देतं. १० चा हिशेब पूर्ण बसतो, तसाच २० आणि २५ चाही. अतिवेगाच्या मोहात फ्रेमला १ भाग देऊ नका. ब्राउझर साधारणपणे ० आणि १ ला १० समजतात, आणि सर्वांत वेगवान फाइल अचानक रांगायला लागते.

मांडणी

कॅनव्हास ४८० × ४८० पिक्सेल. वर्कस्पेस ‘अ‍ॅनिमेशन’ निवडा. नव्या फाइलमध्ये वेग २४ आणि शेवटची फ्रेम १०० असते, ते बदलून १० आणि २३ करा. खालून वर पाच लेयर (एकावर एक ठेवलेले थर) घ्या: आकाश, ढग, काडी, रिबीन, भिरभिरं. काडी हलत नाही, पण ती आकाशाच्या लेयरवर काढलीत तर ढग तिच्यापुढून जातील. निवडलेला लेयर सोडून बाकीचे टाइमलाइनमधून गायब झाले तर घाबरू नका, ते पिन करायचे असतात.

नवी फ्रेम तयार न करता रेघ ओढली तर ती आधीच्याच चित्रावर उमटते. अर्धं काम झाल्यावर ते लक्षात येतं, म्हणून पहिल्या दहा मिनिटांत ही सवय लावून घ्या.

भिरभिरं

एक पातं काढा. ट्रान्सफॉर्म टूलमधला फिरवण्याचा केंद्रबिंदू ओढून टाचणीच्या जागी आणा आणि ९०, १८०, २७० अंशांच्या प्रती करून जोडा. चारही पाती एकाच रंगाची असतील तर ९० अंश फिरल्यावर चित्र होतं तसंच दिसतं, म्हणजे लूपला पाव फेराच पुरतो: ६ फ्रेम, प्रत्येकी १५ अंश. दोन रंग आलटून पालटून असतील तर १८० अंश आणि १२ फ्रेम लागतील. चार रंगांना पूर्ण ३६० अंश, म्हणजे २४ फ्रेम. रंग ठरवताना तुम्ही कामाचे तासही ठरवत असता.

फ्रेम ० ची प्रत १ ते ५ वर ठेवा आणि अनुक्रमे १५, ३०, ४५, ६०, ७५ अंश फिरवा. प्रत्येक वेळी मूळ चित्रच फिरवा. आधीच फिरवलेल्या प्रतीची प्रत फिरवत गेलात तर दर खेपेला पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि पाचव्या फ्रेमपर्यंत कडा भुरकट होतात. मग या सहा फ्रेम क्लोन म्हणून आणखी तीनदा चिकटवा. पुढे एक पातं दुरुस्त केलं की चारही ठिकाणी दुरुस्त होतं.

वेग वाढवायचा तर एका पावलाला ३० अंश चालतील. ४५ ला डोळ्याला दिशाच कळत नाही, आणि ७५ ला भिरभिरं उलटं, १५ अंशांनी मागे फिरताना दिसतं, कारण शेजारचं पातं तिथून जवळ असतं.

छाया पात्यांवर रंगवून टाकू नका. पातं फिरतं, ऊन फिरत नाही. एकतर सपाट रंग ठेवा, नाहीतर सहाही फ्रेममध्ये छाया नव्याने काढा.

रिबीन

इथे खरं ड्रॉइंग आहे. रिबीन वर-खाली फडफडत नाही. लाट काडीपाशी उठते आणि टोकाकडे पळते. बांधलेल्या टोकाशी हेलकावा शून्य, सुट्या टोकाशी सर्वांत मोठा. लाटेची लांबी ९६ पिक्सेल धरा, म्हणजे शिखर प्रत्येक फ्रेमला ८ पिक्सेल पुढे सरकेल आणि १२ फ्रेममध्ये नेमकी एक लाट पुरी होईल.

० पासून ओळीने काढत जाऊ नका. अकराव्या चित्रापर्यंत रिबीन लांबलेली असते आणि शून्याशी जुळत नाही. आधी ० आणि ३ काढा. अर्ध्या फेऱ्यानंतर लाट बरोबर उलटी होते, म्हणून ६ हे ० चं वर-खाली उलटवलेलं रूप आणि ९ हे ३ चं. ट्रान्सफॉर्म टूलने उलटवा आणि बांधलेलं टोक पुन्हा काडीवर आणून बसवा. मग मधली आठ चित्रं भरा.

मागचं-पुढचं चित्र पुसट दिसण्यासाठी ओनियन स्किनचा दिवा लावा. पण तो टाइमलाइनच्या टोकाशी थांबतो. ११ वर असताना त्याला ० दिसत नाही. ० ची प्रत तात्पुरती १२ वर ठेवा, ११ काढून झालं की ती पुसा, मग बाराही चित्रं क्लोन म्हणून १२ ते २३ वर चिकटवा. ही पुसायची राहिलेली प्रत लूपमध्ये हमखास सापडते: तेच चित्र दोनदा येतं आणि हालचाल क्षणभर अडखळते.

चित्रं पुढे चालवून तशीच मागे आणणं हा आळशी उपाय रिबीन, धूर, पाणी, ज्योत यांना चालत नाही. लाट उलटी काडीत शिरताना दिसते. झोपाळ्याला तो चालतो. तिथेही दोन्ही टोकांची चित्रं एकदाच घ्यायची: १५ चित्रांच्या २८ फ्रेम होतात, ३० नाही. २.८ सेकंद हा दोन मीटर साखळ्यांच्या झोपाळ्याचा खरा काळ आहे. २० अंशांच्या झोक्यात टोकापासून मध्यापर्यंत कोन असे: २०, १९.५, १८, १५.६, १२.५, ८.७, ४.५, ०. टोकाशी गर्दी, मध्यात मोकळं. समान अंतर ठेवलंत तर तो झोका न वाटता गाडीचा वायपर वाटतो.

ढग

ढगांचा एक तुकडा १२० पिक्सेल रुंदीत बसवा आणि तोच दर १२० पिक्सेलवर मांडून ६०० पिक्सेलची पट्टी करा. दर फ्रेमला ५ पिक्सेल सरकवा; २४ × ५ = १२०, म्हणजे चोविसावी फ्रेम आपोआप शून्य. पूर्ण पिक्सेलच सरकवा, २.५ ला कडा थरथरतात. दिशा रिबिनीचीच हवी. वारा एकच आहे.

रंग आणि फाइल

जीआयएफच्या एका फ्रेमला जास्तीत जास्त २५६ रंग मिळतात. या चित्राला १६ पुरतात. आकाशात ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारी छटा) टाकलात तर नसलेल्या छटा ठिपक्यांनी भराव्या लागतात. ते ठिपके फ्रेमगणिक जागा बदलले की आकाशात मुंग्या चालतात, आणि सलग रंगावर चालणारं कॉम्प्रेशन हतबल होऊन फाइल फुगते. सपाट रंगांचे दोन-तीन पट्टे छान दिसतात. पार्श्वभूमी पारदर्शक ठेवायची तर हेही ध्यानात घ्या: जीआयएफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण दिसतो नाहीतर दिसतच नाही. मऊ ब्रशच्या कडांना काळ्या पडद्यावर पांढरी किनार येते.

शेवटी ‘रेंडर अ‍ॅनिमेशन’ घ्या, ० ते २३. आधी पीएनजी फ्रेम वेगळ्या साठवा, मग जीआयएफ करा. इन्स्टाग्रामवर टाकायचं तर एमपी४ लागेल. त्यात लांबी-रुंदी सम आकड्यांत ठेवा आणि हाच फेरा पाच वेळा जोडून १२ सेकंद करा.

सांधा तपासायचा असेल तर फाइल बाराव्या फ्रेमपासून सुरू करून बघा: १२ ते २३, मग ० ते ११. धक्का आता मध्यावर आला तर चूक २३ आणि ० यांच्यामध्ये आहे. लेयर एकेक बंद करत गेलात की कोणता दोषी तेही कळतं. बहुतेकदा रिबीनच निघते.