कोलंबिया पडलं तेव्हा लोक काय बोलत होते, ते आज वाचायचं कसं

भाचीचा मेसेज आला, मामा कॉलेजचा प्रोजेक्ट आहे, कल्पना चावलाच्या कोलंबिया अंतराळयानाचा अपघात आणि इराक युद्धाची चर्चा एकाच वेळी चालू होती ना, तर तेव्हा लोक काय म्हणत होते ते लिहायचंय, सुरुवात कुठून करू. मी म्हटलं फोन कर. मग तासभर जे बोललो ते जरा सरळ करून इथे टाकतोय, कारण जुने पेपर, जुनी पत्रं, जुन्या प्रतिक्रिया वाचताना सगळेच त्याच त्याच चुका करतात, मीही केल्यात.

पहिलं काम, लोकांच्या प्रतिक्रिया वाचायला घ्यायच्याच नाहीत. आधी वही घ्या आणि तारखा लिहून काढा. कंटाळवाणं आहे पण हे नाही केलंत तर पुढचं सगळं हवेत. तर १६ जानेवारी २००३ ला कोलंबिया उडालं. २७ जानेवारीला संयुक्त राष्ट्रांचे मुख्य शस्त्रतपासनीस हान्स ब्लिक्सने सुरक्षा परिषदेत इराकमधल्या शस्त्रतपासणीचा रिपोर्ट दिला. २८ ला बुशचं वार्षिक भाषण झालं, तेच ते, सद्दाम आफ्रिकेतून युरेनियम मिळवू बघत होता या वाक्यावरून पुढे गाजलेलं, आणि त्याच दिवशी इस्रायलमध्ये निवडणूक होऊन पंतप्रधान शेरॉन परत आले, आणि वर अंतराळात कोलंबियाच्या लोकांनी चॅलेंजर आणि अपोलो १ या आधीच्या अमेरिकन यानांच्या अपघातांत गेलेल्यांसाठी शांतता पाळली, कारण चॅलेंजरला त्या दिवशी बरोबर १७ वर्षं झाली होती. चार दिवसांनी, शनिवार १ फेब्रुवारी, फ्लोरिडात सकाळचे नऊ वाजायला आलेले असताना कोलंबियाशी संपर्क तुटला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसातच्या आसपास. उतरायला फक्त १६ मिनिटं होती. ४ ला ह्यूस्टनमध्ये शोकसभा. ५ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल, अँथ्रॅक्सचा नमुना दाखवायला छोटी बाटली हातात धरून, संयुक्त राष्ट्रांत इराकविरुद्ध बोलले, आणि त्याच दिवशी इकडे वाजपेयींनी मेटसॅट या हवामान उपग्रहाचं नाव कल्पना-१ करतोय असं जाहीर केलं. १५ ला जगभर शेकडो शहरांत युद्धाविरोधात मोर्चे. २० मार्चला युद्ध सुरू, अमेरिकेत तेव्हा १९ ची रात्र होती.

आता ही यादी समोर ठेवून बघा, शोकसभा आणि पॉवेलचं भाषण यात फक्त एक रात्र आहे. ज्या माणसाने ५ तारखेला संपादकांना पत्र लिहिलं त्याच्या डोक्यात दोन्ही गोष्टी कालवलेल्या असणारच, त्याला विचारलं असतं की बाबा तू नक्की कशावर बोलतोयस तर त्यालाही सांगता आलं नसतं.

म्हणून दुसरी गोष्ट, प्रत्येक कात्रणावर तारीख तर लिहाच, जमलं तर वेळही लिहा. पहिल्या काही तासांतलं बोलणं वेगळं आणि तिसऱ्या दिवसाचं वेगळं. ११ सप्टेंबरला तेव्हा १७ महिनेसुद्धा झाले नव्हते, त्यात यानात इस्रायलचा पहिला अंतराळवीर, म्हणजे पहिल्या तासात ‘अतिरेक्यांनी पाडलं का’ हा प्रश्न विचारणारा माणूस वेडा नव्हता, त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच विचारलं असतं. पण त्याच दिवशी अमेरिकन सरकारने सांगून टाकलं की तशी काही खूण नाही, आणि यान साधारण ६० किलोमीटर वर, आवाजाच्या १८ पट वेगाने जात होतं, खांद्यावरून डागायचं क्षेपणास्त्र तिथवर पोचत नाही. तरी एखादा आठवड्यानंतरही तेच म्हणत असेल तर ते वेगळ्या ढिगात टाका. वाक्य तेच असतं, माणूस बदललेला असतो.

खऱ्या कारणाचंही तसंच. इंधनाच्या टाकीवरचा फोमचा तुकडा, पाऊण किलोच्या आसपास, उड्डाणानंतर साधारण ८२ सेकंदांनी डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आपटला, तिथे भोक पडलं आणि परतताना तिथून तापलेली हवा पंखात शिरली, हे आज आपल्याला तोंडपाठ आहे. पण अपघाताची चौकशी करणाऱ्या गेहमन समितीचा रिपोर्ट आला २६ ऑगस्टला! ५ फेब्रुवारीला खुद्द नासाच्या शटल यानांच्या प्रोग्रामचे मॅनेजर रॉन डिटमोर पत्रकारांसमोर म्हणत होते की फोमने एवढं होईल असं वाटत नाही. मग त्या आठवड्यात एखाद्या साध्या माणसाने फोमला हसून उडवलं म्हणून त्याला मूर्ख ठरवायचा आपल्याला काय अधिकार. मी सुरुवातीला नेमकं हेच केलेलं, लाल पेनाने ‘चूक’ ‘चूक’ लिहीत सुटलो होतो, नंतर लाज वाटली.

तिसरं, यानातली माणसं नीट ओळखून घ्या, कारण निम्म्या प्रतिक्रिया माणसांमुळे आहेत, यानामुळे नाहीत. सात जण होते: रिक हजबंड, विल्यम मॅककूल, मायकेल अँडरसन, डेव्हिड ब्राऊन, कल्पना चावला, लॉरेल क्लार्क आणि इलान रामोन. आपल्याकडचे पेपर उघडले तर कल्पनाच दिसणार, कर्नालची शाळा, चंदिगडचं इंजिनिअरिंग कॉलेज, भारताची लेक वगैरे, आणि ती अमेरिकेची नागरिक होती ही गोष्ट कुठेतरी एका ओळीत. त्यावर चिडू नका, लोक आपल्या माणसासाठीच आधी रडतात.

पण युद्धाच्या बाजूने महत्त्वाचा माणूस रामोन. हा माणूस इस्रायली हवाई दलातला कर्नल, आई ऑशविट्झमधून वाचलेली, आणि १९८१ च्या जूनमध्ये बगदादजवळची ओसिराक अणुभट्टी ज्या विमानांनी उडवली त्यातला सगळ्यात तरुण पायलट हाच. म्हणजे इराकवर पुन्हा हल्ला करायचा का यावर जग भांडतंय आणि इराकवर बॉम्ब टाकलेला माणूस टेक्ससवर कोसळतो. त्यात अवशेष पडले त्या भागातल्या एका गावाचं नाव पॅलेस्टाईन! गोष्ट रचणाऱ्याने रचली असती तर आपण म्हटलं असतं जरा अतिच झालं. बगदादमध्ये काही लोकांनी पत्रकारांना सांगितलंही की ही देवाने दिलेली शिक्षा आहे. हे वाचून अंगावर येतं, यायलाच पाहिजे, पण लगेच ‘इराकी लोक असे’ म्हणून मोकळं होऊ नका. ज्याच्या डोक्यावर पुढच्या महिन्यात बॉम्ब पडणार आहेत असं रोज रेडिओ सांगतोय तो माणूस बोलतोय, शिवाय सद्दामच्या राज्यात परदेशी पत्रकाराच्या वहीत बोलतोय, तिथे कोण मोकळेपणाने बोलत होतं हा वेगळाच प्रश्न. आणि शकुन बघणारे फक्त तिकडेच होते असंही नाही, अमेरिकेतही कोणी याला युद्धाला जाऊ नका असा इशारा म्हणालं, तर कोणी हे सात जण देशासाठी गेले तसेच आपले सैनिकही जायला तयार आहेत असं.

माझं स्वतःचं मत असं झालंय की त्या अपघाताने युद्धाबद्दल फारच थोड्या लोकांचं मत बदललं. जो आधीपासून युद्धाच्या बाजूचा, त्याला त्यात धैर्य दिसलं. जो विरोधात, त्याला अमेरिकेच्या यंत्रांवरचा आंधळा विश्वास दिसला. म्हणून चौथी पायरी ही, ज्याची प्रतिक्रिया वाचताय त्याचं जानेवारीतलं लिखाण शोधा. स्तंभलेखक, खासदार, नेहमी पत्र लिहिणारे वाचक, यांचं सापडतं. एकदा ते वाचलं की फेब्रुवारीत तो काय म्हणणार ते आधीच ओळखता यायला लागतं, आणि जिथे तुमचा अंदाज चुकतो ना, तिथे थांबा, तोच कागद प्रोजेक्टचा खरा माल.

एक युक्तिवाद फार सापडेल, ‘सात जणांसाठी सगळं जग रडतंय, मग इराकमध्ये हजारो मरतील त्यांचं काय.’ याला घाईघाईने ‘युद्धविरोधी’ असं लेबल लावू नका. दोन प्रकारची माणसं हे म्हणतात. एक, ज्याला सातांचंही वाईट वाटतंय आणि तेच दुःख तो पुढे ताणून बघतोय. दुसरा, ज्याला सातांचं काही पडलेलं नाही, फक्त टोमणा मारायचाय. ओळखायचं कसं, तर बघा त्याने सातांपैकी एकाचं तरी नाव घेतलंय का, त्यांच्या घरच्यांबद्दल एखादा शब्द आहे का. शंभर टक्के चालणारी ट्रिक नाही, पण बऱ्यापैकी चालते. आपल्याकडे तर कल्पनासाठी हळहळणारे आणि युद्धाला विरोध करणारे बरेचदा एकच लोक होते, त्यांना यात काही विसंगत वाटत नव्हतं, एप्रिलमध्ये तर लोकसभेने युद्धाच्या निंदेचा ठरावही केला.

चॅलेंजरशी तुलना करायचा मोह होईल. थोडक्यात करा. तेव्हा १९८६ ला रेगनने त्या रात्रीचं वार्षिक भाषण आठवडाभर पुढे ढकललं, बुशचं भाषण मात्र अपघाताच्या आधीच होऊन गेलं होतं आणि इराकचं वेळापत्रक कोलंबियासाठी थांबलं नाही, एवढा फरक लिहिलात तरी पुरे.

फोटोंची मात्र नीट झाडाझडती घ्या. तेव्हा व्हॉट्सअॅप नव्हतं पण ईमेल फॉरवर्ड होते आणि ते काही कमी नव्हते. ‘उपग्रहाने टिपलेला कोलंबियाचा स्फोट’ म्हणून जे फोटो फिरले ते १९९८ च्या एका हॉलिवूड सिनेमातले होते. ‘कोलंबियाने काढलेला शेवटचा फोटो’ म्हणून युरोप आफ्रिकेवर संध्याकाळ होतेय असं एक सुंदर चित्र आजही फिरतं, ते कॉम्प्युटरवर जोडून बनवलेलं आहे. हे फोटो खोटे म्हणून फेकून नका देऊ बरं का, वेगळ्या पाकिटात ठेवा. लोकांना काय बघायचं होतं ते त्यात कळतं. आणि अवशेषांचे तुकडे ई-बेवर विकायला काढणारे महाभागही निघाले होते, कंपनीने ते काढून टाकले, तीही एक प्रतिक्रियाच म्हणायची.

भाचीने विचारलं शेवट कुठे करू, मोर्च्यांवर करू का. मी म्हटलं नको, १९ मार्चवर कर. हजारो लोक टेक्ससची जंगलं पिंजत होते, त्यात हेम्पहिल गावाजवळ त्या दिवशी कोलंबियाचा डेटा रेकॉर्डर सापडला, चांगल्या अवस्थेत, आणि डाव्या पंखात आधी काय तापलं ते त्यातूनच पुढे नक्की कळलं. त्याच रात्री बुशने टीव्हीवर येऊन युद्ध सुरू झाल्याचं सांगितलं. तर २० आणि २१ मार्चचे जेवढे पेपर हाताला लागतील तेवढे काढ, आणि रेकॉर्डरची बातमी कितव्या पानावर, किती ओळींची आहे ते पट्टी घेऊन मोज.