पहिल्या पोस्टिंगला ऑफिस कसं समजून घ्यावं

पुण्यातल्या नवी पेठ, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून दरवर्षी मुलं-मुली अधिकारी होऊन बाहेर पडतात. सत्कार होतात, यशदा या शासनाच्या प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षण होतं, आणि मग तालुक्याच्या गावातलं एक ऑफिस तुमच्या हाती येतं. मी महसुलात कारकून म्हणून लागले आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले, तेही बहुतेक पुणे जिल्ह्यातच. या काळात पुष्कळ साहेब आणि मॅडम जवळून पाहिले. त्यातल्या चांगल्यांना एक गोष्ट नेमकी ठाऊक असायची: कोणाचा कागद कुठे थांबलाय आणि का. ते कसं माहीत करून घ्यायचं, तेवढं सांगते.

पहिल्या आठवड्यात बैठका घेत बसू नका, टेबलांवर जा. आवक बारनिशी, म्हणजे ऑफिसात आलेल्या कागदांचं रजिस्टर, आणि त्या टेबलावरच्या कारकुनाची कार्यविवरण नोंदवही, म्हणजे त्याच्याकडच्या कागदांचं काय झालं याची वही, शेजारी-शेजारी उघडा. बारनिशीत आहे पण कार्यविवरणात चढलेला नाही, असा कागद कोणाच्याच हिशेबात नसतो. आधी ते शोधा.

मग सहा गठ्ठे मागा: निर्णयासाठी प्रलंबित, प्रतीक्षाधीन (दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघणारे), नियतकालिके (ठरावीक मुदतीने पाठवायचे अहवाल), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. 2017 मध्ये विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी पुणे विभागाच्या पाचही जिल्ह्यांत ‘झिरो पेंडन्सी’ मोहीम घेतली, तेव्हा ही पद्धत घरोघर म्हणावी तशी टेबलोटेबली पोचली. मोहीम नसतानाही ती चालू ठेवणं तुमच्या हातात आहे.

खरी गोम प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात असते. एका तहसील कार्यालयात एका बाईंचा वारसनोंदीचा अर्ज पडून होता. नवरा गेलेला, सातबाऱ्यावर नाव चढेना. बाजाराच्या दिवशी गावातून यायच्या आणि विचारून जायच्या. ‘तलाठ्यांचा अहवाल आला नाही,’ हे ठरलेलं उत्तर. फाईल काढली. टिपणीवर ‘अहवाल मागवावा’ असा शेरा, खाली पत्राचा मसुदा मंजूर, पत्रावर सहीसुद्धा. जावक क्रमांकाची जागा मात्र कोरी. मूळ पत्र आणि स्थळप्रत (ऑफिसात ठेवायची प्रत), दोन्ही त्याच फाईलला टाचलेली. पत्र ऑफिसातून बाहेरच पडलं नव्हतं, आणि अहवालाची वाट बघणारा कारकून अगदी मनापासून वाट बघत होता. पत्र त्याच दिवशी गेलं, फेरफार (नाव बदलाची नोंद) धरला गेला, हितसंबंधितांना नोटीस निघाली, 15 दिवसांत हरकत आली नाही आणि मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली.

म्हणून प्रतीक्षाधीन कागदावर पहिल्यांदा जावक क्रमांक बघा, मग स्मरणपत्राची तारीख. कारकुनावर ओरडू नका. त्याच्याकडे किती टेबलांचा चार्ज आहे ते विचारा. पद रिकामं असेल तर कामाची फेरवाटणी लेखी करा, तोंडी नको.

2005 चा बदल्यांचा आणि दप्तर दिरंगाईचा कायदा सांगतो की, साधारणपणे कोणाकडेही फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. अत्यंत तातडीची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, तातडीची चार दिवसांत. हा नियम स्वतःच्या टेबलाला आधी लावा. ‘चर्चा करावी’ असा शेरा मारलात तर चर्चेची वेळही लिहा. नाहीतर त्या दोन शब्दांखाली फाईल महिनोन्‌महिने झोपते, आणि हे मला आजही सहन होत नाही.

लोकांना ठरलेल्या मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क देणारा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नीट वाचा. अर्ज घेतला की पोच द्यायचीच. नाकारला तर कारण लेखी द्यायचं, म्हणजे माणसाला 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. पुरेशा कारणाशिवाय सेवा दिली नाही तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला, म्हणजे ती सेवा देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, 500 ते 5,000 रुपये शास्ती (दंड) आहे. पण शास्तीच्या धाकापेक्षा एक सवय जास्त उपयोगी पडते: सगळ्या त्रुटी एकाच वेळी, एकाच पत्रात कळवणं. आज रेशनकार्ड, पुढच्या खेपेला प्रतिज्ञापत्र, त्यानंतर फोटो, असं करू नका. वेल्ह्याच्या डोंगरातून येणाऱ्याचा प्रत्येक खेपेला एक दिवसाचा रोज बुडतो.

लोकप्रतिनिधींचे फोन येतील. शांतपणे ऐका, विषय लिहून घ्या, नियमात काय बसतं ते स्पष्ट सांगा. ज्याच्यासाठी कोणी फोन करणारं नाही, त्यालाही तेच उत्तर मिळालं पाहिजे.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याचा दिवस, असतो. तुमच्या तालुक्यातली तक्रार तिथे पोचली, तर ती आपल्याकडे कधी आली होती ते बारनिशीत शोधा आणि संबंधित टेबलावर बसून वाचा.

बदलीचा आदेश आला की चार्ज यादीसोबत एक साधा तक्ता करा: प्रलंबित फाईल, कोणाचं काम, कशासाठी अडलंय, पुढचं पाऊल कोणतं. एक प्रत येणाऱ्या अधिकाऱ्याला आणि एक अव्वल कारकुनाला द्या.