डेकवरून सॉफ्टवेअरमध्ये, आणि परत डेकवर

डीजेने स्वतःचा ट्रॅक बनवायला घेतला की पहिल्या दोन दिवसांत ८ बारचा (एक बार म्हणजे चार बीट) एक झकास लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा, तयार होतो आणि गाडी तिथेच रुतते. म्हणून कोऱ्या प्रोजेक्टने सुरुवात करूच नका. आधी एडिट करा, म्हणजे तयार ट्रॅकमध्ये फेरफार करा. सेटमध्ये वाजवायला आवडतो, पण इंट्रो (सुरुवातीचा भाग) तोकडा असल्यामुळे मिक्स करताना धावपळ होते, असा एक ट्रॅक घ्या आणि त्याच्या पुढे १६ बारचे ड्रम्स जोडा. सॉफ्टवेअर हाताळायची सवय होते आणि शनिवारच्या सेटला उपयोगी पडेल अशी वस्तूही हातात येते. (दुसऱ्याच्या ट्रॅकचा एडिट स्वतःच्या सेटपुरताच. अपलोड करायला किंवा विकायला परवानगी लागते.)

त्यानंतर रचनेचा नकाशा काढा. नेहमी सहज मिक्स होणारा एक ट्रॅक प्रोजेक्टमध्ये टाका, टेम्पो जुळवा आणि पहिली किक (बेस ड्रमचा ठोका) बरोबर बार १ वर बसवा. ही किक जराशी जरी सरकली, तरी पुढचं सगळं मोजमाप चुकतं. मग दर ८ बारला खूण करा आणि तिथे काय आलं, काय गेलं ते लिहा. १६व्या बारच्या शेवटच्या बीटवर किक गायब होते, १७व्याच्या पहिल्या बीटवर ती ओपन हॅट (झांजेचा लांबणारा आवाज) घेऊन परत येते. डेकवर (ट्रॅक वाजवायच्या यंत्रावर) हे हजारदा ऐकलेलं असतं, पण ती एक रिकामी बीट मुद्दाम ठेवलेली असते हे लक्षात येतं ते इथेच.

१२५ बीपीएमला (मिनिटाला १२५ बीट) एक बार १.९२ सेकंदांचा, म्हणजे ३२ बार साधारण १ मिनिटाचे. इंट्रो ३२, ग्रूव्ह (मुख्य ताल) ३२, ब्रेकडाउन (ड्रम्स थांबतात) आणि बिल्ड (ताण चढत जातो) मिळून ३२, ड्रॉप (सगळं जोरात परत येतं) ६४, आउट्रो (शेवट) ३२. बेरीज १९२ बार, सव्वासहा मिनिटांच्या आत. हा सांगाडा रिकाम्या क्लिप्सनी आधी मांडून घ्या आणि तुमचा लूप ड्रॉपच्या जागी ठेवा. बाकीचे भाग त्याच्यातूनच एकेक गोष्ट काढत तयार होतात. इंट्रोत बेसलाइन नको, कारण त्या वेळी आधीच्या ट्रॅकचा बेस वाजत असतो.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी जागा म्हणजे लो एंड, अर्थात खालचे, बेसचे आवाज. मिक्सरवर दोन बेस भांडले की एकाचा लो नॉब खाली घेतला, काम झालं. ट्रॅकच्या आत किक आणि बेस मात्र दोघेही तुमचेच, दोघांना एकाच घरात राहायचंय. बेसवर कम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं साधन) लावा आणि त्याला किकची साइडचेन द्या, म्हणजे किक वाजली की बेस दबेल. अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १ मिलिसेकंद किंवा कमी, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) १०० ते १५० मिलिसेकंदांपासून सुरू करा. १२५ बीपीएमला दोन किकमध्ये ४८० मिलिसेकंद असतात. रिलीज फार लांबला तर बेस वर यायच्या आत पुढची किक येते आणि बेस कायमचा दबलेला वाटतो. बेसचा मूळ सूर फार खाली ठेवू नका. ४४ ते ५५ हर्ट्झ, म्हणजे एफ ते ए, ही पट्टी मोठ्या सिस्टिमवर भरीव वाजते. तिच्या खालचा सी सूर ३३ हर्ट्झच्याही खाली जातो आणि बऱ्याच स्पीकरांवर तो सूर ऐकूच येत नाही. १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो (डावी-उजवीकडे सारखंच) ठेवा. हेडफोनमध्ये रुंद आणि भारी वाटणारा स्टिरिओ बेस मोनो सिस्टिमवर डावं-उजवं एकमेकांना खाऊन पोकळ होतो. मास्टरवर (सगळा आवाज एकत्र येतो त्या चॅनेलवर) मोनोचं बटण दाबलं की चूक तिथल्या तिथे कळते.

मिक्स करताना लिमिटर (आवाजाला कमाल मर्यादा घालणारं साधन) बंद, पीक (सर्वात मोठा आवाज) −६ डेसिबलच्या आसपास. रेफरन्स ट्रॅक (तुलनेसाठी घेतलेला) मास्टर केलेला, म्हणजे शेवटचा हात फिरवून आवाज वाढवलेला असल्याने जोरात वाजतो. त्याचा आवाज तुमच्या मिक्सइतका खाली आणूनच तुलना करा, नाहीतर जे मोठं तेच चांगलं वाटतं.

खरी परीक्षा डेकवर. ट्रॅकची वेव्ह किंवा एआयएफएफ फाइल काढा. एमपीथ्री करताना फाइलच्या सुरुवातीला किंचित शांतता घुसते आणि बीटग्रिड (बीटच्या खुणांची जाळी) सरकू शकते. तुमचा ट्रॅक ओळखीच्या दोन ट्रॅकच्या मध्ये ठेवून मिक्स रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. गेनचा नॉब इतरांपेक्षा बराच वर न्यावा लागला? मास्टर कमी पडतोय. बेस बदलताच दम गेला? परत साइडचेन आणि किककडे. पिच फेडरही (वेग बदलणारी पट्टी) हलवून बघा: १२५ चा ट्रॅक १२८ ला न्यायला २.४ टक्के लागतात. की-लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) बंद असेल तर ६ टक्क्यांना सूर जवळजवळ एक सेमीटोन (अर्धा सूर) चढतो.

उलट दिशेने येणाऱ्या प्रोड्यूसरचा घोळ वेगळा. त्याला स्नेअर ड्रमवरचा रिव्हर्ब (घुमारा) ऐकू येतो, पण ३२ बारची ओळ (जिच्या शेवटी ट्रॅकमध्ये काहीतरी बदलतं) सुटते. बीट अचूक जुळलेली असते आणि तरीही गाण्यावर गाणं चढतं, कारण दुसरा ट्रॅक ओळीच्या मध्येच सोडलेला असतो. उपाय एकच: तोंडाने मोजणं. टेम्पोत ४ बीपीएमच्या आत असलेले २० ट्रॅक निवडा. प्रत्येकाला तीनच क्यू (थेट उडी मारायच्या खुणा) द्या: पहिली किक, ब्रेकडाउनची सुरुवात, आउट्रोची सुरुवात. सिंक (टेम्पो आपोआप जुळवणारी सोय) बंद करून, वेव्हफॉर्मवर कागद लावून सराव करा. दोन्ही किक घोड्याच्या टापांसारख्या वाजायला लागल्या की आधी जॉगने (डेकवरच्या चकतीने) नवा ट्रॅक ढकला किंवा रोखा, मग पिच फेडर केसभर त्याच दिशेने हलवा. नुसता जॉग वापरला तर आठ बारांनी टापा परत सुरू.

सेट वाजवून आल्यावर त्याच रात्री मिक्सला हात लावू नका. मोठ्या आवाजानंतर काही तास वरच्या फ्रिक्वेन्सी कमी ऐकू येतात. अशा कानांनी केलेला इक्यू (फ्रिक्वेन्सींचा कमी-जास्तपणा) सकाळी हॅट्समधून कानात टोचतो.