महासागरापलीकडे फौजेचं इंधन पोचवायचं तर हिशेब दिवसांत ठेवा

पॅसिफिकमध्ये विखुरलेल्या अमेरिकी तळांना इंधन पोचवण्याच्या कामावर नवीन माणूस आला की पहिल्यांदा विचारतो, "साठा किती लिटर?" मी बरीच वर्षं टँकरचं वेळापत्रक सांभाळलं. माझ्या वहीत पहिला रकाना दिवसांचा असे, लिटर त्याच्या मागे.

तो असा काढा. टाकीतल्या साठ्यातून तळाचा गाळ आणि पंपाला न ओढता येणारं तेल वजा करा. उरलेल्याला रोजच्या खपाने भागा. खप मात्र सरासरीचा धरू नका, सर्वांत धावपळीच्या आठवड्याचा धरा. आता वाट मोजा. हवाईतलं पर्ल हार्बर ते ग्वाम बेट साधारण 3,300 सागरी मैल. 14 नॉट्सने, म्हणजे ताशी 14 सागरी मैलांनी, टँकर दिवसाला 336 मैल कापतो, म्हणजे दहा दिवस. भरणं, जेट्टीला जागा मिळणं, नमुने तपासणं आणि उतरवणं यांचे मी आणखी पाच धरायचो. म्हणजे पंधरा दिवसांचा साठा उरल्यावर मागणी पाठवली, तर वादळ किंवा इंजिनातला बिघाड यांसाठी हातचा एकही दिवस उरत नाही. मी पंचवीस दिवसांचा साठा उरला असतानाच मागणी लावायचो.

वेळ नेहमी यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, लिहा. हवाई आणि ग्वाम यांच्या घड्याळांत 20 तासांचं अंतर आहे आणि मधून तारीखरेषा जाते. एकदा नुसतं "शुक्रवारी सकाळी" लिहिलेल्या निरोपावर आमचा टँकर एक दिवस आधी पोचला आणि बंदराबाहेर नांगर टाकून बसला. दुसरीकडे ज्यांना तेल हवं होतं त्यांचा तो दिवस फुकट गेला.

कोणाला कोणतं तेल, हे तोंडपाठ हवं. अमेरिकी नौदलाच्या जहाजांना एफ-76 हे जहाजी डिझेल, विमानवाहू जहाजावरच्या विमानांना जेपी-5 हे जेट इंधन, जमिनीवरच्या विमानतळांना जेपी-8 हे दुसरं जेट इंधन किंवा लष्करी मिश्रकं घातलेलं नागरी जेट इंधन. ज्वलनबिंदू म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेटू शकते ते; जेपी-5 चा तो किमान 60 अंश सेल्सियस, जेपी-8 चा 38. बंदिस्त जहाजावर हा फरक जिवाशी खेळणारा आहे. अडचणीत जेपी-5 हे जेपी-8 च्या जागी चालतं, जहाजाच्या इंजिनालाही चालतं. उलटं करू नका. म्हणूनच टंचाईच्या वेळी मी जेपी-5 सर्वांत शेवटी खर्ची टाकायचो.

तेल हाती घेताना कागदावर विसंबू नका, स्वतः टाकीवर चढा. डिप टेपच्या, म्हणजे टाकीतली खोली मोजायच्या फितीच्या, पितळी वजनाला पाणी ओळखणारी पेस्ट लावा, टेप तळाला टेकेपर्यंत सावकाश सोडा आणि थोडं थांबा. पेस्टचा रंग जिथपर्यंत बदलला, तिथपर्यंत खाली पाणी आहे. मग नमुना काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या आणि गोल फिरवा. भोवरा पडतो आणि पाण्याचे थेंब, कचरा मधोमध तळाशी गोळा होतात. बाटली उजेडात धरल्यावर तेल आरपार दिसलं पाहिजे. धुरकट दिसलं तर पंप सुरू करू देऊ नका, कोणी कितीही घाई करो.

तापमानही लिहा. डिझेलचं आकारमान अंशाला साधारण 0.08 टक्के बदलतं. 10,000 किलोलिटर माल 30 अंशांवर भरला आणि 20 अंशांवर उतरवला, तर 80 किलोलिटर "गायब" दिसतो. चोरीचा आरोप होण्याआधी दोन्ही आकडे 15 अंशांवरच्या आकारमानात बदलून घ्या.

जहाजाची टाकी किती टक्क्यांवर आली की काहीही करून ती भरायची, हे आधीच ठरवा. डिसेंबर 1944 मध्ये फिलिपिन्सच्या पूर्वेला अमेरिकी ॲडमिरल हॅल्सींच्या ताफ्यात खवळलेल्या समुद्रामुळे इंधन भरणं सोडून द्यावं लागलं. स्पेन्स या विनाशिकेत जेमतेम 15 टक्के तेल होतं. रिकाम्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरलं की जहाज स्थिर राहतं, पण तेल मिळेल या आशेवर ते भरायला उशीर झाला. 18 तारखेच्या टायफूनमध्ये स्पेन्स, हल आणि मोनॅगन उलटल्या. त्या वादळात ताफ्यातली सुमारे 790 माणसं गेली. हवामानाचा इशारा आला की अर्ध्या भरलेल्या जहाजालाही रांगेत पुढे घ्या, असं मी आग्रहाने सांगतो.

सगळा साठा एकाच जागी ठेवू नका. हवाईतल्या रेड हिलला डोंगराच्या पोटात 20 टाक्या होत्या, क्षमता एकूण 25 कोटी गॅलन. 2021 मध्ये तिथलं इंधन पिण्याच्या पाण्यात मिसळलं आणि लोकांच्या घरातल्या नळांना तेलाचा वास येऊ लागला. मार्च 2022 मध्ये ते कोठार बंद करण्याचा निर्णय झाला. तेव्हापासून पॅसिफिकचा साठा अनेक बंदरांत आणि तरत्या टँकरवर वाटून ठेवण्यावर भर आहे. त्याने वेळापत्रक किचकट होतं, ते होऊ द्या. पण प्रत्येक नव्या जागी जेट्टीची खोली, होजचा जोड आणि पंपाचा वेग आधी जाऊन पाहून या. जोड बसत नसेल तर बंदरात उभा असलेला भरलेला टँकरही तळाच्या काही कामाचा नाही.